राखेत न सापडलेली चकती

आई, आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घ माझं कधीच बरोबर आलं नाय, चुका असतील त्या सांभाळून घे. या फोनवर मराठी टाइप करायला मला जाम वेळ लागतो. मी एक शब्द लिहिते, फोन दुसराच पुढं करतो. तो खोडायचा, परत लिहायचा. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढं करण्यापरीस बोलून टाक ना. पण बोलायला मला तुझ्यासमोरपण जमायचं नाय. पाहुणे आले की मी दाराच्या मागं जायची आणि तू सगळ्यांसमोर ओरडायचीस, तोंड उघडत जा गं, मुकी म्हणून कोण नेणार तुला. मला जाम लागायचं ते. वर नंबर टाकायची जागा हाय, ती रिकामीच ठेवलीय. तुझा जुना नंबर मी एकदा लावून बघितला होता. कोण माणूस हिंदीत बोलला, मी ठेवून दिला.

तुला सांगायचंय ते तुझ्या गळ्यातल्या चकतीबद्दल. आणि मामाबद्दल.

मी आता तुझ्याच कंपनीत जाते. अठरा पूर्ण झाली तशी लागले, दिवाळी झाल्यावर. नववीत शाळा सुटली ती सुटलीच, मधे घरीच होते. तुझ्याच खोलीत बसते, जिथं चपला बाहेर काढून डोक्याला टोपी, तोंडाला फडकं आणि हातात मोजे घालून बसायचं असतं. तू घरी यायचीस तेवा कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकचा वण असायचा. आता तो माझ्या कपाळावर असतो. बाबा बघतात आणि मान फिरवतात. काम पण तेच. चिमट्यानं चकती उचलायची, पुसायची, साच्यात ठेवायची, तिच्यावर अॅल्युमिनियमचा कागदासारखा पातळ पत्रा, त्याच्यावर सिलिकॉनची काच, आणि ट्रे भरला की भट्टीवाल्याकडं द्यायचा. पूर्ण नाव मॉलिब्डेनम, पण तिथं सगळे मॉलीच म्हणतात. तू पण मॉलीच म्हणायचीस. राखाडी, रुपयापेक्षा मोठी, नखाएवढी जाड, आणि हातात घेतली की वाटतं त्यापेक्षा जड.

तुझीवाली रिजेक्ट होती. काठाला टवका उडालेला, मधे भोक. साहेबांना विचारून आणलीस आणि काळ्या दोऱ्यात घालून मंगळसूत्राच्या मागं बांधलीस. मी तेवा दुसरीत की तिसरीत. तू भाकऱ्या थापतेयस, परातीजवळ मी बसलेय, आणि तुझ्या गळ्यातली चकती ओढून विचारतेय की ही कशाला असते. तू पिठाचा हात न थांबवता सांगतेयस. घाटात गाडीला मागून रेटायला इंजिन लावतात, त्याच्या पोटात एवढी एवढी मोठी बटणं असतात, त्यातून करंट जातो. करंट गेला की बटण तापतं. बटणात खाली तांबं असतं, आणि तांबं तापलं की फुगतं. वर काच असते, ती फुगत नाय, तिला ताणली की तडकते. म्हणून दोघांच्या मधे ही. करंट पण जाऊ देते, उष्णता पण जाऊ देते, आणि आपण काय फुगत नाय, काचेएवढीच हलते. मग तू बाबांकडं बघून बारीक हसलीस आणि म्हणालीस, "तांबं म्हंजे तुझा बाप. मी काच." मी विचारलं, मग मॉली कोण. "तुझा मामा," तू म्हणालीस, "कितीपण तापवा, फुगत नाय तो." बाबापण हसले होते तेवा. खरंच होतं ना ते. तुमचं दोघांचं वाजलं की मामा कर्जतवरून मोटरसायकल घेऊन यायचा, ओट्यावर बसायचा, आधी तुझं ऐकायचा, मग बाबांचं, वर चहा प्यायचा आणि निघून जायचा. काय बोलायचा ते कोणाला आठवायचं नाय, पण संध्याकाळी तुमी दोघं बोलायला लागायचात.

त्याच दिवशी तू ती चकती सांडशीत धरून गॅसवर धरलीस. लाल झाली. काढलीस, गार केलीस, जरा निळसर झाली होती, बाकी होती तशी. तू म्हणालीस, सोनं पाणी होईल, चांदी पाणी होईल, हिला काय होत नाय, अडीच हजार डिग्रीच्या वर न्यायला लागतं तेवा कुठं ती वितळते. बाबा जेवत होते, त्यांनी घास हातात धरून बघितलं. आई, ते त्यांनी बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

मग मी सातवीत असताना तुझी कावीळ. तुला पनवेलला नेलं आणि परत आणलं ते तसंच. बायकांनी तुला हिरवं लुगडं नेसवलं, कुंकू लावलं, सवाष्ण गेली म्हणून जी ती पाया पडत होती. मी कोपऱ्यात. कोणीतरी तुझ्या गळ्यातला काळा दोरा सोडायला लागलं तेवा मी पहिल्यांदा तोंड उघडलं. मला पायजे म्हणाले. मामा पण तिथंच होता, त्यानं बाबांना विचारलं की ताईची आठवण म्हणून ती मला देता का. बाबांनी दोघांना नाय म्हटलं. मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाले, "आत्ता आईजवळ राहू दे. तिला आग काय करत नाय. परवा सावडायला गेलो की राखेतून काढतो आणि तुझ्या गळ्यात बांधतो. आईच्या अंगावरून आलेली असेल ती." मला ते जाम आवडलं. खरं सांगू, त्या दोन दिवसांत मी तुझ्यापेक्षा जास्त त्या चकतीची वाट बघितली.

मसणात बाया-पोरी जात नायत, मी घरीच होते. पण सगळं अंगणात ऐकलं. आग बसेपर्यंत मामाच तिथं थांबला होता, आणि सावडायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी तोच जाऊन बसला होता, एकटा. पुरुषांनी राख भाताच्या चाळणीनं चाळली. तुझ्या पायातल्या जोडव्यांची चांदी सापडली, गोळी होऊन. बांगड्यांची काच सापडली. चकती नाय. परत चाळली, पाणी मारून हातानं चाचपली. नाय. बाबा घरी आले ते हातपाय न धुता अंगणात उभे राहिले आणि सगळ्या भावकीसमोर मामाला म्हणाले, "चांदी सापडते, आणि जी वितळतच नाय ती सापडत नाय? पोरीची होती ती. मी नाय म्हटलं म्हणून उचललीस?" मग मामानं शर्ट काढला, झटकला, प्यांटचे खिसे उलटे केले, आणि तसाच उघडा उभा राहिला. म्हातारा चुलता म्हणाला, जाऊ दे, जेवून घ्या. मामा जेवला नाय. शर्ट खांद्यावर टाकून गेला. दहाव्याला आला नाय, वर्षश्राद्धाला आला नाय, नंतर कधीच आला नाय. आठवीपासून मी त्याच्याकडं राहून शाळेत जायचं असं तू ठरवलं होतंस, त्याच्या दारातून शाळा दिसते. ते पण राहिलं. आमच्याकडून शाळेला जायला दोन गाड्या बदलायला लागायच्या आणि बाबा उजाडायच्या आत टेंपो घेऊन शिळफाट्याला जायचे. नववीत मीच म्हणाले, नको.

आता या माघातली गोष्ट. भट्टी असते ना, तिच्यातली हवा आधी सगळी ओढून घेतात. तू ट्रे भरून दरवाजात देत होतीस, आत जायला तुला कधी लागलंच नसेल. त्या दिवशी सकाळी आमी गेलो तर भट्टीवाला डोक्याला हात लावून बसलेला. दरवाजाची रबराची रिंग चिरली होती आणि रात्रभर तापलेल्या भट्टीत बाहेरची हवा शिरत राहिली होती. ट्रे बाहेर काढला. जाड चकत्या होत्या त्या कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, काठ नाय, आकार नाय. आणि पातळ चकत्यांच्या जागी काय नव्हतं. नुसतं पिवळट पांढरं, सुयांसारखं, कापसासारखं काहीतरी साच्याला चिकटलेलं, फुंकर मारली तर हलणारं. मला वाटलं कोणी चकत्या काढून घेतल्या. आई, मला पहिलं तेच वाटलं.

आमच्या लाइनच्या बाई तुझ्या वेळच्याच हायत, तुझ्या शेजारी बसायच्या. त्या म्हणाल्या, उडून गेल्या गं, मॉलीचं असंच हाय, हवा नसेल तर कितीपण तापवा, आणि हवेत लालबुंद केली की धूर होऊन जाते, पांढरा धूर. मी तिथं लागल्यापासून कोणाला काय विचारलं नव्हतं. हो-नाय करत होते, बस. त्या दिवशी मी विचारलं, लाकडाच्या आगीत पण का. त्या म्हणाल्या, आग किती मोठी आणि किती वेळ त्याच्यावर, पळभर लाल झाली तर काय होत नाय. मी म्हणाले, मोठी. रात्रभर. बाई माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांना चकतीचं माहीत होतं, तुझ्या गळ्यात त्यांनी रोज बघितली होती, आणि मामाचं पण कानावर गेलं असणार, कंपनीत आमच्या गावच्या बाया हायत. त्या मोजे काढून खाली बसल्या. "एवढी पातळ होती ती," त्या म्हणाल्या, "रात्रभर म्हंजे काय उरतंय." तुला पण हे माहीत नव्हतं, असं त्या म्हणाल्या, त्यांना स्वतःला पण खूप नंतर कळलं. आमच्या टेबलावर ती नेहमी थंडच येते.

मला रडू आलं नाय. तू जे सांगितलंस ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. आणि तेवढ्या अर्ध्यावर बाबांनी मामाला चोर ठरवलं.

मी बाबांना लगेच सांगितलं नाय. रोज ठरवायची, आणि ते टेंपो लावून आले की त्यांचा चेहरा बघून गप्प बसायची. शेवटी बाईंनी साहेबांना विचारून भंगारातला मॉलीच्या पत्र्याचा एक तुकडा दिला, गेटवर दाखवून आणला. रविवारी मागच्या अंगणात आंघोळीचं पाणी तापवायची चूल पेटलेली होती. निखारे चांगले झाले तेवा मी बाबांना बोलावलं आणि तो तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी वजन करून बघितलं आणि लगेच ओळखलं. मी म्हणाले, चुलीत ठेवा आणि फुंका. त्यांना वाटलं मी तुझी आठवण काढतेय. ठेवला, फुंकणीनं फुंकायला लागले. तुकडा लाल झाला, मग पिवळा झाला, आणि त्याच्यातून पांढरा धूर निघायला लागला. लाकडाचा नाय, वेगळा, दाट. मी त्यांना जरा मागं ओढलं. ते लांबून फुंकतच राहिले. मी बोलत होते, भट्टीचं, रिंगचं, बाई काय म्हणाल्या ते, एवढं मी त्यांच्याशी आयुष्यात बोलले नसेन. त्यांनी सांडशीनं निखारे बाजूला केले. विटेला पांढरी पिवळी पूड लागलेली होती. तुकडा नव्हता. त्यांनी परत परत निखारे हलवून बघितले, जसं राखेत बघितलं असेल तसंच.

"म्हंजे मी जाळली," ते म्हणाले. "तू मागितलेली, आणि मी जाळली."

मी म्हणाले, तुमाला कुठं माहीत होतं. ते उठले, पाणी तापलं होतं तरी आंघोळ न करता बाहेर गेले. मला वाटत होतं त्यांना मामाचं वाईट वाटेल. त्यांनी मामाचं नाव पण घेतलं नाय. दोन-तीन दिवस मी बघत होते. तेवा मला समजलं की इतकी वर्षं मामा चोर असणं हे बाबांना सोपं होतं. कोणीतरी नेली तर ती कुठंतरी असते. मामाकडं असते. आता ती कुठंच नाय, आणि ती त्यांच्याच हातानं गेली.

मीच म्हणाले, मामाकडं जाऊ या. ते म्हणाले, बघू. मग एका रविवारी सकाळी स्वतःच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, चल. मामाच्या गावचा फाटा आला तसा त्यांनी टेंपो वडाखाली लावला, चावी काढली, परत लावली. म्हणाले, "तू हो पुढं. सांग त्याला. मी गाडीजवळ हाय." मी म्हणाले, तुमी सांगायला पायजे. ते म्हणाले, "आधी तू सांग. मग मी येतो." त्यांचे हात स्टेअरिंगवरच होते. मी उतरले.

मामाचे केस पांढरे झालेत, आई. त्यानं मला ओळखलंच नाय, मामीनं ओळखलं, तुझ्यासारखी दिसते म्हणाली. मामीनं चहा टाकला आणि मी बशीकडं बघत बसले. घाटात ठाकुरवाडीकडं रेल्वेची गाडी चढत होती, तिचा आवाज येत होता, तो संपेपर्यंत मी गप्प होते. मामा वाट बघत बसतो, तू म्हणायचीस तसा. मग मी सगळं सांगितलं, खाली बघून. मधे एकदा अडले तेवा तो म्हणाला, घाई नाय, बाय. माझं झाल्यावर त्यानं बिडी पेटवली नाय, नुसती हातात धरली. "मी घेतली नाय हे मला माहीतच होतं," तो म्हणाला, "मला काय नवीन सांगितलंस तू." मग म्हणाला, "तुला काय वाटायचं?" मी खोटं बोलले असते तर त्याला कळलं असतं. मी म्हणाले, कधी वाटायचं घेतली, कधी वाटायचं नाय घेतली. त्यानं मान हलवली. म्हणाला, बरं झालं सांगितलंस.

त्यानं विचारलं, दाजी कुठं हायत. मी म्हणाले, फाट्यावर. मामीनं तोंड वाकडं केलं, म्हणाली, सगळ्या भावकीसमोर तुमी उघडे उभे राहिलात ते विसरलात का, येऊ दे त्यांनाच. मामा ऐकतोय कुठं. खुंटीवरचा शर्ट घातला, बटणं लावत लावतच निघाला. मी त्याच्या मागं. तो भराभर चालत होता, आणि मला पहिल्यांदाच बरं वाटत होतं. मनात मी ठरवत होते की ते दोघं बोलायला लागले की आपण लांब उभं राहायचं.

वडाखाली टेंपो नव्हता.

रस्त्यावर चाकाचे वळल्याचे वण होते. मी फोन लावला, वाजत राहिला. मला वाटलं आता मामा चिडेल. तो म्हणाला, "राहू दे. जड जातं." येणारी वडापची मॅजिक गाडी त्यानंच थांबवली, ड्रायव्हरला म्हणाला, माझी भाची हाय, नीट उतरव. आणि मला म्हणाला, तू येत जा. एकटी आलीस तरी चालेल.

घरी आले तर बाबांनी भात लावला होता. तुझ्यामागं त्यांना भात बरा जमायला लागलाय. त्यांनी माझ्याकडं न बघता ताट वाढलं. कुठं होतात, का गेलात, मी काय विचारलं नाय. मग त्यांनीच विचारलं, काय म्हणाला तो.

आई, मी म्हणाले, मामा घरी नव्हता. पुण्याला गेलाय म्हणाले.

त्यांनी मोठा श्वास सोडला. म्हणाले, "मग परत कधी जाऊ." मी म्हणाले, जाऊ. आमी जेवलो. ते आता रोज जरा बोलतात माझ्याशी, पुढच्या रविवारी जाऊ म्हणतात, मग त्या रविवारी गाडीचं काहीतरी काम निघतं. मामा तिकडं समजतोय की मी घरी सगळं सांगितलं, तो फाट्यापर्यंत आलेला बाबांना माहीत हाय. बाबा इकडं समजतायत की मामाला अजून काय कळलंच नाय. दोघांच्या मधे मी, आणि मला खरं सांगायला तोंड उघडत नाय. तू ओरडशील म्हणून तुला पण हे शेवटी लिहिलं.

थांब, मागच्या वावरात वानरं शिरलीत, सगळा वाल ओरबाडतायत, बाबा पत्रा बडवत मला हाका मारतायत.